विजयाताईंच्या गोगलगायी

प्रयोगशाळेच्या दारात विजयाताई आधी माणसाचे हात हुंगायच्या. साबण, अत्तर, डास पळवणारं मलम, कशाचाही वास आला की आल्या पावली परत. मी कामावर रुजू झाले त्या दिवशी माझाही हात त्यांनी नाकाशी धरला. "काय लावं शे हातले?" मी म्हटलं, "क्रीम." "मंग घर जाय. मन्ह्या गोगलगाया मरी जातीन." पहिल्याच दिवशी कुणी असं हाकलतं का? मला भयंकर राग आला होता. पुढे त्याच बाईवर माझा जीव जडला.

शहाद्याबाहेरच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत शेळ्यामेंढ्यांच्या यकृतातले चपटे कृमी जपले जायचे. हा कृमी अर्धं आयुष्य गोगलगायीच्या अंगात काढतो, म्हणून गोगलगायी मेल्या की त्याचाही वंश बुडाला. ताईंनी धडगावकडच्या एका शेळीतून असा कृमी मिळवला होता, की बाजारातली सगळी औषधं त्याच्यापुढे हात टेकत. नवं औषध शोधायचं तर तो जिवंत हवा. ताई स्वतःच्या जेवणाआधी गोगलगायींना उकडलेला पाला घालायच्या.

आत काही बिघडलं तर हाताशी असावा म्हणून गोगलगायींचा दुसरा साठा मागच्या अंगणात, टबांमध्ये, वर मलमलीचं फडकं बांधून. राखण सुखलालकडे. तो डोंगरातला पावरा आदिवासी, बायको आणि लहान मुलीसह अंगणातल्याच खोलीत राहायचा. "टबात जे दिसेल ते आपलं. हात लावायचा नाही," असं ताईंनी त्याला बजावलं होतं. त्याने तो शब्द अक्षरशः पाळला.

मग वस्तीत डेंग्यू आला. आरोग्यसेविका घरोघर साचलेलं पाणी बघत, अळ्या मारायचं औषध टाकत फिरत होत्या. ताई फाटकात आडव्या उभ्या राहिल्या. "औषध नको, बहीण. वर फडकं शे ना!" आलेली सेविका बिचारी निघून गेली. थोड्याच दिवसांत सुखलालची मुलगी तापाने फणफणली. सलाईन लावलं, नंदुरबारला हलवलं, पण पोर हाती लागली नाही. सुखलाल तिचा देह घेऊन गावी गेला.

त्याच दुपारी ताई मागे गेल्या. एका टबावरचं फडकं कोपऱ्यात फाटलं होतं आणि पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. "कुठला डास कुठे चावला, कुणाला कळणार ताई?" मी म्हटलं. त्यांनी पाणी उकळून आणलं आणि अंगणातल्या सगळ्या टबांत ओतलं, गोगलगायींसकट.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने सुखलालच्या गावी गेलो. तो दारात बसला होता. ताई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "सुखलाल, डास माझ्या टबात झाले. औषध मी टाकू दिलं नाही."

"अळ्या मी पाहिल्या होत्या, ताई," तो म्हणाला. "वाटलं, तुम्हीच पाळल्या असतील. म्हणून हात लावला नाही. पोरीलाही जवळ जाऊ दिलं नाही, तुमच्या अळ्या मरतील म्हणून."

प्रयोगशाळेची पायरी ताई पुन्हा चढल्या नाहीत. त्या दिवशी शहाद्याला जीपमधून उतरताना माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, "इतला वरीस तो मन्हा दारमा उभा ऱ्हायना. एकदाव बी त्याले मझार प्रयोगशाळामा बलाईसन दखाडं नही मी, आपला किडा कसा दिखस ते."