चिकाची वाटी

परवा पुन्हा फोन आला. प्रशिक्षण केंद्रातल्या बाई होत्या. उद्योग सुरू करू पाहणाऱ्या बायकांची नवी तुकडी आली आहे, तर ताई, तुम्ही येऊन प्रेरणा मिळेल असं काहीतरी बोला, असं त्यांचं म्हणणं. हात पिठानं भरलेले होते, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला होता. बघते, म्हणाले. प्रेरणा हा शब्द ऐकला की आजकाल मला आधी कुठंतरी टेकून बसावंसं वाटतं.

माझी गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा पाठ आहे. मास्तरांची बायको, गच्चीवर कुरोड्या घालता घालता उद्योजिका झाली, तिचा माल आता नागपूर-पुण्याला जातो. यात खोटं काही नाही. पण त्या गच्चीचं पुढं काय झालं हे कुणी विचारत नाही.

कुरोड्या म्हणजे पुण्याकडच्या कुरडया. पांढुर्ण्याच्या आमच्या गल्लीत त्या एकटीनं कधी कुणी केल्या नाहीत. उन्हाळा लागला की घरांच्या पाळ्या लागायच्या. ज्या घराची पाळी, तिथली बाई आदल्या संध्याकाळी फाटकातून हाक मारून जायची, ‘उद्या माह्याकडे’. उजाडायच्या आत सगळ्या तिच्या गच्चीवर हजर. भिजवून, दळून, निथळून ठेवलेल्या गव्हाचा चीक शिजवायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून दाबून दाबून कापडावर घालायचा. खांदे भरून यायचे, थट्टामस्करी चालायची, कुणाच्या सुनेचं कुणाच्या जावयाचं सगळं तिथंच निघायचं. मजुरीचा प्रश्नच नव्हता. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. घरी निघताना मात्र प्रत्येकीला वाटीभर गरम चीक मिळायचा, घरच्यांसाठी. आमच्या ह्यांना त्या चिकाचं भारी वेड, त्यातही समोरच्या काकूंच्या घरचा. शाळेला जायच्या आधी साखरेचा डबा आणि चमचा घेऊन तयार बसलेले असायचे.

या समोरच्या काकू म्हणजे गल्लीच्या मुकादम. मी लग्न होऊन सौसरहून आले तेव्हा घरात सासूबाई नव्हत्या. पहिल्या उन्हाळ्यात काकूंनीच मला हाताला धरून त्यांच्या गच्चीवर नेलं, बायकांना म्हणाल्या, ही आपली. या गावात मला आपलं म्हणणारं ते पहिलं माणूस.

मग नणंदेनं नागपूरला नेलेल्या कुरोड्या तिच्या शेजारणींना आवडल्या, त्यांच्या नातेवाइकांना आवडल्या, आणि माझी एका दिवसाची पाळी बघता बघता महिनाभर लांबली. बायका तरी येतच राहिल्या. त्या माझ्याकडे रोज, मी त्यांच्याकडे वर्षातून एखादा दिवस. कुणी काही बोलत नव्हतं, पण मलाच ते खाऊ लागलं. त्याच सुमारास मी त्या केंद्रात शिकायला गेले. टाय लावलेला एक पोरगेला सर शिकवायला होता. दुसऱ्याला फुकट राबवून चालतो तो धंदा नव्हे, असं तो म्हणाला. मला ते पटलं. आजही पटतं. उगाच कुणी असं समजू नये की मी आता पस्तावून हे सांगते आहे.

दर शनिवारी मी बायकांना मजुरीची पाकिटं द्यायला लागले. पहिल्या शनिवारी काकूंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. त्या परत करतील, म्हणून मी समजूत घालायच्या तयारीत होते. त्यांनी ते कमरेला खोचलं आणि निघून गेल्या. काकांच्या औषधांना ते पैसे लागतात, हे मला नंतर कळलं.

काम सुधारलं, हे कबूल केलंच पाहिजे. बायका वेळेवर येऊ लागल्या, पण वेळेच्या आधी कुणी येईना. चहा घेऊ का, असं विचारून घेऊ लागल्या. मी वाटीत चीक काढला की म्हणायच्या, राहू द्या. मी त्यांच्यासाठी ‘तू’ची ‘तुम्ही’ झाले ते नेमकं कधी, माझ्या लक्षातही आलं नाही. काकू तेवढ्या ‘तू’च म्हणत राहिल्या.

यंदा काकूंची पाळी आली. आदल्या संध्याकाळी मी उगाचच फाटकाशी घुटमळत राहिले. हाक आली नाही. सकाळी वर गेले तर समोरच्या गच्चीवर बायका बसलेल्या, चिकाची वाफ निघते आहे, आणि कुणीतरी काहीतरी बोललं की सगळ्या हसत आहेत. मी माझ्या गच्चीवर वाळलेले कपडे काढत उभी. धंदा बुडेल अशी भीती मला कधी वाटली नव्हती. ती गच्ची गेली, ही भीती मात्र तेव्हा वाटली. कपडे तसेच टाकले, सोऱ्या घेतला आणि बोलावणं नसताना गेले.

“मले काहून नाही बोलावलं, काकूजी?”

त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. “तुह्या हाताले आता मोल आहे वं बाई. अशीच कशी बोलावू?”

“मी तुमच्याकडून पैसे घेईन का?”

“म्या तं घेतले ना तुह्याकडून,” काकू म्हणाल्या. “घेतले, अन् खर्च बी करून टाकले. आता तुले फुकट कशी राबवू?”

आवाजात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हताच. मी बसले आणि सोऱ्या भरला. थोड्या वेळानं एकीनं टोमणा मारला, आज मालकीणच रोजानं आली बाप्पा. सगळ्या हसल्या, मीही हसले. ऊन चढेपर्यंत हात चालत राहिला, आणि मला वाटलं, झालं, बसली गाडी रुळावर.

निघायच्या वेळी काकूंनी वाट्या मांडल्या. एकेकीला चीक भरून दिला. मी शेवटी उभी होते. माझ्यापाशी आल्या आणि पदराची गाठ सोडून त्यांनी माझ्या हातात घडी केलेल्या नोटा ठेवल्या. मी त्यांना एका दिवसाच्या देते तेवढ्याच. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

नको म्हणणं सोपं होतं. पण नको म्हटलं असतं तर त्या कायमच्या माझ्या मजूर झाल्या असत्या आणि मी त्यांच्यावर उपकार करणारी. मी मूठ मिटली. काकूंनी मान हलवली आणि भांडी आवरायला वळल्या.

जिना उतरताना मला रडू आलं, आणि स्वतःचाच राग आला, कारण रडावं असं कुणी काही केलं नव्हतं. पैसे द्यायला मीच त्यांना शिकवलं होतं.

घरी आले तेव्हा हे टेबलाशी बसले होते. समोर साखरेचा डबा, हातात चमचा. इतका वेळ लागला म्हणून शाळेला उशीर करून थांबले होते. माझ्या हाताकडे बघून म्हणाले, “वाटी कुठाय?”