राखवाला वांगीचोर

"हूं बेठो छूं ने." मी बसलोय ना, असं म्हणून तो छातीवर अशी थाप मारायचा, की मसाटच्या निम्म्या कारखान्यांतल्या मशिनी दचकून बंद पडाव्यात. माणूस रत्नागिरीकडचा, पण शेठ समोर आले की त्याला गुजराती फुटायचं. ते गुजराती ऐकून बिचारे शेठ मराठीत बोलायला लागायचे.

असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. वाढदिवस कुणाचाही असो, केक कापायची सुरी ह्याच्या हातात.

आमच्या प्लेटिंगच्या कारखान्यात तो बागेचा सुपरवायझर होता. बाग म्हणजे कारखान्यामागची पट्टी. वर्षानुवर्षं निकेल-जस्ताचं पाणी पिऊन तिथली माती अशी झाली होती, की गवताचं बी पडलं तर ते उठून चालत खडोलीला जायचं. ह्यानं करंजाची रोपं लावली. मेली. पुन्हा लावली. पुन्हा मेली. मग कुठूनसं ऐकून आला आणि भाताच्या गिरणीतून तुसाची राख पोत्यांनी आणून खड्ड्यांत घातली.

"ह्यात सिलिकॉन असतं," टपरीवर त्यानं मला ज्ञान दिलं. मी स्टोअरचा माणूस, मला काय कळणार? "मुळांना चिलखत चढतं बघा."

"म्हणजे माती साफ होते?"

"छे हो भाऊ. विष तिथंच राहतं. रोपाला ते सोसायची ताकद येते, एवढंच."

त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव खरं बोलणं, आणि त्यासाठीही चहा मीच पाजला.

करंज जगले. इतके फोफावले की कावळे जागेसाठी वशिला लावू लागले. शेठ बघायला आले. ह्यानं छाती बडवली. "माती एकदम चोख्खी, शेठ. हूं बेठो छूं ने."

"तो पछी कँटीन माटे रींगणां वावी दो," शेठ खुशीत म्हणाले. कँटीनसाठी वांगी लावा.

त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला. पण छातीवरचा हात खाली घेईल तर तो तो कसला? "लावतो की," म्हणाला.

वांगी धरली, अशी तुकतुकीत की त्यांच्यात बघून भांग पाडावा. आम्ही जळगाव-धुळ्याकडची माणसं भरिताच्या नुसत्या आशेवर पाळ्या ओढत होतो. पण आचारी तोडायला जायचा तेव्हा झाडं रिकामी. "आज बी गेली रे भाऊ," असं म्हणत तो परत बटाटे चिरायला बसायचा.

एका सकाळी वॉचमननं ह्यालाच पकडला. पिशवीभर वांग्यांसकट.

"आधीचीही तूच नेलीस?" शेठनी विचारलं.

"मीच. घरी भरीत झकास झालं होतं."

चोरी ती चोरी, वर चवीची फुशारकी. सगळ्यांत आधी थुंकलो तो मी. त्याला उभ्या उभ्या काढलं. डोकमर्डीची खोली सोडून तो निघाला तेव्हा पोरं "वांगीचोर, वांगीचोर" करत रिक्षामागे धावली. त्यानं मान काही खाली घातली नाही. निर्लज्ज.

दुसऱ्या दिवशी मी गाळाचे ड्रम बघायला गेलो. प्लेटिंगचा विषारी गाळ त्यात भरून बाहेर जातो, म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही. एकाचं झाकण उघडलं आणि वासानं मागे सरलो. आत गाळ नव्हता. वांगी होती, तोंडापर्यंत, कुजलेली. एकालाही दात लागलेला नव्हता.

टपरीवरचं बोलणं आठवलं. विष तिथंच राहतं.

मी कँटीनकडे धावलो. आचाऱ्यानं त्याच्या पिशवीतून जप्त केलेली वांगी भाजून ठेचायला घेतली होती.

"महाराज, थांबा. माती विषारी आहे. फेका सगळं."

झालं. एवढंच बोलायचं होतं. शेठनी दुपारपर्यंत वांग्याची झाडं उपटून टाकली, आकाश काही कोसळलं नाही. आणि तो गाढव? चोर म्हणवून घेतलं, नोकरी घालवली, न खाल्लेल्या भरिताची चव सांगितली, पण 'शेठ, मी थाप मारली' एवढं त्याच्या जिभेवर आलं नाही.

करंज अजून उभे आहेत. त्यांच्या बुडाशी राख घालायला आता कुणी नाही, म्हणून मी घालतो. घालताना त्याला शिव्या देतो. पोतं संपतं, शिव्या उरतात.