एका दमातली आरती

लालबागला आमच्या चाळीच्या जागी आता टॉवर उभा आहे आणि त्या टॉवरात माझ्याबद्दल एक गैरसमज राहतो: माझा दम फार मोठा आहे. चाळीतली मंडळी नव्या घरात आली तेव्हा सामानाबरोबर हा गैरसमजही लिफ्टने वर घेऊन आली. मी तो कधी खोडला नाही. आता वय झालं, तेव्हा खरं काय ते एकदाचं लिहून टाकतो.

गणपतीत विठ्ठलाची आरती म्हणताना एक जागा येते. तिथे सूर धरायचा आणि दम संपेपर्यंत सोडायचा नाही. आमच्याकडे ही आरती म्हणजे निम्मी भक्ती आणि निम्मी कुस्ती. एकेक जण गळत जातो, गळ्याच्या शिरा फुगतात, पोरं हसू दाबतात आणि शेवटी जो उरतो त्याच्या हातावर पहिला मोदक पडतो. चाळीत शेवटी उरायचो मी. माझा धाकटा भाऊ झांजा घेऊन शेजारी उभा असे. तोही माझ्या जवळजवळ बरोबरीने टिके, पण कौतुक थोरल्याचं व्हायचं.

खरी गोष्ट अशी, की मी मधे श्वास घ्यायचो. सूर अर्ध्यावर आला की मोठ्या भक्तिभावाने देवापुढे मान झुकवायची आणि त्या झुकण्यातच नाकाने हवी तेवढी हवा ओढून घ्यायची. तेवढ्या वेळात भावाचा आवाज चालूच असल्यामुळे कुणाला पत्ता लागत नसे. म्हणजे दम त्याचा आणि नाव माझं. मोदक खाताना दर वर्षी मला अपराधी वाटे. घशात मात्र तो कधी अडकला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

हे असंच पोटात राहिलं असतं, पण मधे सून आली. ती लोअर परळच्या एका ऑफिसात आहे. घरी परतली तरी ऑफिस तिच्या कानात बसलेलंच असतं. मीटिंग सुरू व्हायच्या आधी तिची छाती धडधडायची, हात गार पडायचे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दुखणं काही नाही, ताण आहे, श्वासाचे व्यायाम करा. ती सरळ माझ्यापुढे येऊन बसली.

"बाबा, घरात एवढा दमदार माणूस असताना मी मोबाईलवर बघून कशाला शिकू?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "लिफ्ट बंद होती त्या दिवशी तुझ्या दमदार माणसाला जिन्यात स्टूल द्यावं लागलं होतं."

"आई, ते गुडघ्यांमुळे," सुनेने माझी बाजू घेतली.

त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं. त्याऐवजी पाठ ताठ केली आणि म्हणालो, "घाल मांडी."

शिकवायचं काय, हे मला कुठे ठाऊक होतं. जे आठवलं ते सांगितलं: श्वास सावकाश आत घे आणि सोडताना गुणगुणत लांबव, आरतीतल्यासारखा. सकाळी चहाआधी आम्ही गॅलरीत बसू लागलो. सुरुवातीला तिला बरंही वाटलं. पण माझी जुनी खोड जाईना. खाली रस्ता बघितल्यासारखं करून मी मान वाकवायचो आणि हळूच हवा भरून घ्यायचो. आता ती माझ्याशी बरोबरी करायला लागली. माझं गुणगुणणं चालूच आणि तिचं संपलेलं, चेहरा लालबुंद.

"आज पण हरले," म्हणत ती तणतणत आंघोळीला जायची.

हळूहळू मीटिंगआधी व्हायची तीच धडधड तिला माझ्याबरोबर बसायच्या आधी होऊ लागली. एका सकाळी ती गॅलरीच्या दारातच थांबली. "उद्यापासून नको, बाबा. मला साधा श्वाससुद्धा नीट घेता येत नाही."

ती हे रागाने म्हणाली असती तर चाललं असतं. ती अगदी हळू म्हणाली. ताण घालवायला आलेल्या मुलीला मी आणखी एक ताण लावून दिला होता.

तोंडाने सांगायचा धीर होईना. म्हणून ठरवलं, या गणपतीत त्या जागी आपण गप्प राहायचं. भावाला त्याचं श्रेय मिळेल आणि ती कसल्या दमाशी हरत होती ते सुनेलाही कळेल.

भाऊ काळाचौकीहून आला, नेहमीसारखा झांजा घेऊन शेजारी उभा राहिला. आरती त्या जागेवर पोचली. सगळे गळाले, आम्ही दोघे उरलो, आणि मी तोंड मिटलं.

त्याचा सूर एकटाच थोडा पुढे गेला आणि तुटला. मी वळून पाहिलं, तर त्याने देवापुढे मान झुकवली होती. मोठ्या भक्तिभावाने.

"दादा, गप कित्याक रवलंस?" चिडला की त्याची मालवणी बाहेर येते. "माका श्वास घेवचो होतो."

"तू पण?"

"मग? माणूस आहे मी, फुगा नाही. तुझा आवाज असायचा म्हणून मी निवांत घ्यायचो." बोलता बोलता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "थांब. म्हणजे एवढी वर्षं मोदक तू फुकटचा खाल्लास?"

"आधी आरती पुरी करा," बायको म्हणाली. "देव ताटकळलाय."

सून हसून हसून खाली बसली होती. डोळे पुसत तिने विचारलं, "बाबा, म्हणजे गॅलरीतसुद्धा?"

"गॅलरीतसुद्धा."

प्रसाद वाटायला तीच उठली. आम्ही दोघा भावांनी सवयीने हात पुढे केले. पहिला मोदक तिने स्वतःच्या तोंडात टाकला. "या घरात प्रामाणिकपणे हरलेली मी एकटीच आहे," ती म्हणाली.

धडधड अजून पूर्ण गेलेली नाही, पण ती पुन्हा गॅलरीत बसते. आता चहा आधी होतो. तिचा श्वास संपला की ती बिनधास्त दुसरा घेते आणि माझी मान जरा खाली झुकली, की डोळे न उघडता म्हणते, "सरळ बसून श्वास घ्या, बाबा."