माग बंद करणारे दानिएल अण्णा

बेळगावच्या वडगावात दानिएल अण्णांच्या गल्लीत शिरलं की मागांच्या खडखडाटात स्वतःचं बोलणंही ऐकू येत नसे. कुणी भेटायला आलं तरी तिथले विणकर साडी विणता विणताच ओरडून बोलत. अण्णा मात्र आधी माग बंद करत. मग हात पुसत समोर येऊन बसत आणि विचारत, "तब्येतीचं ऱ्हाऊ दे. आतनं कसा हाईस?"

या प्रश्नाला "देवाची दया" हे उत्तर त्यांना चालत नसे. आमच्या मंडळीत अंगात ताप असला तरी माणूस हेच म्हणतो. "त्ये चर्चच्या दारात म्हण," अण्णा म्हणत. "हितं खरं सांग. दोघं बसलो की तिसरा येशू असतोय. त्याला आधीच लई खोटं ऐकावं लागतंय."

मी निपाणीहून बेळगावात बदलून आलेला शाळामास्तर. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्यांच्याकडे जायचो. एकदा मी त्यांना सांगून टाकलं, की वडील शेवटच्या दुखण्यात माझं नाव घेत होते आणि मी रजा मिळत नाही अशी थाप मारून निपाणीला गेलोच नाही. माझ्या बायकोलाही हे ठाऊक नव्हतं. अण्णांनी उपदेश केला नाही. माझा हात धरून प्रार्थना केली, आणि ती गोष्ट त्यांच्या उंबऱ्याबाहेर कधी गेली नाही.

त्यांच्या पत्नी, मार्थाआक्का, वारल्या. त्यानंतरच्या एका शनिवारी अण्णाच बोलले, "विजय, प्रार्थना येत न्हाय रं आता. तुझ्यासाठी येती. माझ्यासाठी गुडघं टेकलं की म्होरं कोण न्हायच असं वाटतंय. तुलाच सांगतोय ह्ये."

मी हादरलो. आणि केलं काय? बुधवारच्या घरसभेत चर्चच्या पाळकांनी नेहमीसारखे प्रार्थनेचे विषय विचारले. कुणी मुलाची परीक्षा सांगितली, कुणी गुडघेदुखी. मी उठून म्हणालो, "दानिएल अण्णांचा विश्वास डळमळलाय. त्यांच्यासाठी प्रार्थना करूया." आमच्यात कुणी कुणाच्या चहाड्या करत नाही, प्रार्थनेचा विषय म्हणून सांगतो. मला कळकळ होती हे खरं. पण अण्णांनी हे फक्त मला सांगितलंय, याचा तोराही होता.

आठवडाभर माणसं बायबल घेऊन त्यांच्या घरी जात राहिली. सगळं गमावूनही देवाला न सोडणाऱ्या ईयोबाची गोष्ट त्यांना पाच जणांनी समजावून सांगितली. चर्चमधला रविवारचा शास्त्रपाठ कित्येक वर्षं अण्णाच वाचत असत. "थोडे दिवस विश्रांती घ्या," असं गोड बोलून तोही काढून घेतला.

शनिवारी मी गेलो. अण्णांनी मान वर केली, "ये, बस की," म्हणाले. माग चालूच होता.

"अण्णा, चुकलं माझं! माफ करा!" मला ओरडावं लागलं.

"केलंय रं माफ!" तेही ओरडून म्हणाले. "जेवलास न्हवं?"

मी तासभर बसलो. त्यांनी माग बंद केला नाही. पुढचे सगळे शनिवार तसेच गेले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी ते इस्पितळात होते. दुपारची वेळ, वॉर्डात आवाज नव्हता. मी वाकून विचारलं, "अण्णा, आतनं कसं हायसा?" त्यांनी माझ्याकडे मान वळवली. वाटलं, आता सांगतील.

"देवाची दया हाय," ते म्हणाले. दोन दिवसांनी गेले.

आता मलाही प्रार्थना येत नाही. बरेच महिने झाले. हे सांगावं असा माणूस बेळगावात नाही, निपाणीत नाही. रविवारी चर्चच्या दारात पाळक हात मिळवतात, विचारतात, "कसं काय, मास्तर?"

"देवाची दया," मी म्हणतो, आणि आत जाऊन बसतो.