दिनानाथचं इंजिन गप्प बसत नाही

पनवेलच्या उरण नाक्यामागं दिनानाथ कोळ्याचं गॅरेज आहे. पाटी नाही, फोन नंबर नाही, आणि मोटारगाडी घेऊन गेलात तर हाकलून देईल. तिथं फक्त बोटींची इंजिनं येतात. मोऱ्यापासून मांडव्यापर्यंत ज्या वेगवान बोटी पाणी कापत पळतात, त्यांतल्या निम्म्यांची इंजिनं कधी ना कधी त्या पत्र्याखाली उघडून पडलेली असतात. गड्याची ख्यातीच तशी. त्याच्या हातून गेलेल्या इंजिनाचा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पंधरा वर्षांत एकदाही तुटलेला नाही. एकदाही! बेलापूरचे कोर्स केलेले मेकॅनिकसुद्धा तोंडात बोटं घालतात.

पण माणूस भारी विक्षिप्त. दोनशे तास भरले की एक्झॉस्टचे आठही व्हॉल्व्ह काढून थेट भंगारात. अहो, नव्यासारखे आहेत की, असं मालकानं म्हणायचा अवकाश, हा म्हणणार, "मग देवघरात ठेवा. माझ्या इंजिनात नाय." फेरी झाली की गोडं पाणी फिरवलंच पाहिजे. बोट लाटांत उभी करून इंजिन उगाच घुटमळत ठेवायचं नाही, कारण धूर बाहेर पडायच्या वाटेनं खारं पाणी उलटं आत चढतं. हे ज्यानं ऐकलं नाही त्याची खैर नाही. आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे त्याचं इंजिन वाजतं. एवढी राजबिंडी बोट, आणि आवाज शिवणयंत्राचा!

ही टिकटिक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या खुंटीची. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह म्हणजे आग बाहेर सोडणारं दार. ते लालबुंद तापतं, आणि आपल्या चौकटीवर घट्ट बसतं तेवढा क्षणच काय तो त्याला गारवा मिळतो. तापलं की ते लांबतं, म्हणून त्याच्या डोक्यावर केसाएवढी फट ठेवावी लागते. फट असली की टिकटिक येते. फट मिटवलीत तर इंजिन कसं छान गप्प होतं, मालक खूश होतो, आणि आत ते दार पुरतं बसतच नाही. कड जळते, मान कच्ची होते, मग एक दिवस मुंडकं तुटून पिस्टनवर पडतं, आणि भर समुद्रात सगळा खेळ खलास.

हे दिनानाथला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. शिकवणारा रोज दुपारी गॅरेजात येऊन बसतो.

भूत म्हणा, भास म्हणा, मी त्यात पडत नाही. जेवणं होऊन नाक्यावरचे हॉर्न जरा कमी झाले, दिनानाथनं फट मोजायची पातळ पट्टी हातात घेतली, की कोपऱ्यातल्या ऑइलच्या पिंपावर जीवन बसलेला असतो. त्याचा मेहुणा. धाकट्या बहिणीचा, भामाचा नवरा. पँट गुडघ्यापर्यंत ओली. बोलत नाही, रागवत नाही. मान तिरकी करून इंजिनाकडं कान लावून ऐकत राहतो. दिनानाथ पट्टी फिरवत राहतो, टिकटिक नीट ऐकू येईस्तोवर.

जीवन एका मोठ्या माणसाच्या स्पीडबोटीवर तांडेल होता, बोट तोच हाकायचा. पंधरा वर्षांपूर्वी तो याच पत्र्याखाली आला होता. "दादा, ती टिकटिक घालव ना. मालक बोलतो, पाव्हन्यांना बोलता येत नाय. नाय घालवली तर दुसरा तांडेल बघतो." दिनानाथ तेव्हा ऐन भरात होता. हातात जादू आहे असं लोक म्हणायचे आणि त्यालाही ते पटलं होतं. त्यानं आठही टॅपेट आवळून फट मिटवली. इंजिन मांजरासारखं घुरघुरायला लागलं. जीवन टाळी देऊन हसला होता.

तेराव्या दिवशी, पाव्हण्यांना सोडून एकटा परतताना, मोऱ्यासमोर ऐन ओहोटीत त्याचं इंजिन धाडकन बंद पडलं. वारा सुटलेला. बोट आडवी झाली आणि पालथी झाली. जीवन दोन दिवसांनी सापडला.

इंजिन बाहेर काढून पनवेलला आणलं ते दिनानाथकडंच. दुसरं कोण उघडणार? हेड काढलं आणि त्याला सगळं दिसलं. व्हॉल्व्हची जळकी कड दिसली, तुटकं मुंडकं दिसलं, आणि एकाही टॅपेटला फट नव्हती. बाहेर माणसं उभी होती, मालकाचा माणूस होता, भामा होती. विचारलं त्यांनी, काय झालं? आणि दिनानाथ म्हणाला, "जोरात ताणलं. मस्ती नडली."

चार शब्द. मेलेला माणूस काय बोलणार!

त्या चार शब्दांवर घर उभं राहिलं. भामानं मोऱ्याच्या धक्क्यावर मासळी विकून पोरीला वाढवलं आणि उठताबसता जीवनला शिव्या घातल्या. पोर, रिया, शिकली, परवाना काढून स्वतः बोट चालवायला लागली. बाया तिला सांगायच्या, बापासारखी मस्ती करू नको गो. दिनानाथ तिची फी भरायचा, सणाला कपडे करायचा. देवमाणूस आहे मामा, असं गाव म्हणायचं. ते ऐकलं की तो भरल्या ताटावरून उठायचा.

गेल्या महिन्यात रिया गॅरेजात आली. खारघरच्या शार्दूल नावाच्या बिल्डरनं नवी बोट घेतली होती आणि रियाला तिच्यावर नेमलं होतं. इंजिन उतरवून घेतल्यावर ती म्हणाली, "मामा, एक रिक्वेस्ट आहे. ही टिकटिक बंद कर. सरांना आवाज आवडत नाही."

दिनानाथनं पाना खाली ठेवला. "नाय," तो म्हणाला. "माझं इंजिन वाजनारच."

"मग ते बेलापूरहून करून घेतील. तिथला माणूस हो म्हणालाय."

"त्या बोटीवर जाऊ नको."

"का पण?" रिया हसली. "घाबरू नको रे. गप्प इंजिन असलं म्हणून काय झालं? मी कधीच फुल थ्रॉटल मारत नाही. बाबांनी केली ती चूक मी नाही करणार."

तिथं दिनानाथला कळून चुकलं. पोर हळू चालवणार, हळू चालवते म्हणून बिनघोर राहणार, आणि व्हॉल्व्ह आत जळतच राहणार. स्वतःची कातडी वाचवायला तो जे खोटं बोलला, त्यावर विसंबून ही समुद्रात जाणार होती. त्यानं पिंपाकडं पाहिलं. जीवन होता. कान लावून.

"बाबानं कायच चूक केली नाय," दिनानाथ म्हणाला. एकदा तोंड उघडल्यावर मग थांबता येईना. टॅपेट, फट, तेरा दिवस, ते चार शब्द, सगळं.

रिया रडली नाही, ओरडली नाही. तिनं आधी शार्दूलला फोन लावला. "सर, इंजिन वाजलं तरच मी बोट चालवीन. नाहीतर दुसरं कुणी बघा." मग मामाकडं न बघता म्हणाली, "आईला तू सांगायचंस. आज. आत्ता."

पनवेलच्या स्टँडवरून दोघं उरणच्या एसटीत बसली. रिया पुढच्या सीटवर बसली, त्याच्याशेजारी नाही. दिनानाथला वाटत होतं, ही गाडी पोचूच नये.

उरणजवळच्या मोऱ्याला भामा दारात जवळा वाळत घालत होती. भावाला बघून तिचा चेहरा खुलला. "ये दादा, असा कसा आलास?" तो तिथंच जमिनीवर बसला आणि त्यानं सांगितलं. भामाचे हात हळूहळू थांबले.

"पुन्ना सांग," ती म्हणाली.

त्यानं परत सांगितलं.

"म्हंजे तो जोरात चालवत नव्हता?"

"नाय."

"मस्ती नव्हती केली?"

"नाय गो."

भामानं हातातला जवळा खाली ठेवला. मग बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता. "चूक कोनाकडनं पन व्हते, दादा. तू मला तवाच सांगितलं असतंस तर मी तुजं तोंड बघितलं नसतं वरीस, दोन वरसं. मग आली असती. भाऊ हायस. पन तो गेला तवा मी रडले नाय. रडू कशी? पोर गल्यात टाकून आपल्या मस्तीनं गेला, असं वाटं मला. पितरांना पान ठेवताना पन शिव्या घातल्या त्याला. पंधरा वरसं तो उपाशी उठला माज्या पानावरनं. तू माजा नवरा नेलास, तो नेलास. त्याच्यासाठी रडायचं पन नेलंस रं."

दिनानाथ तिच्या पायाला हात लावायला गेला, तिनं पाय मागं घेतले.

आणि मग भामानं हंबरडा फोडला. हात आपटून, छाती पिटून, मयताच्या घरी बाया रडतात तसा. सगळी आळी धावत आली. हातातली कामं टाकून आलेल्या बाया दारात दाटल्या. रिया आईला धरून बसली होती. एका म्हातारीनं घाबरून विचारलं, "कोन गेलं गो? भामे, कोन गेलं?"

"माजा नवरा गेला," भामा म्हणाली. "जीवन गेला गो!"