ताणावरची बाग

डाळिंबाची बाग ताणावर सोडणं म्हणजे काय, हे आमच्या इंदापूर तालुक्यातल्या शेळगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बहार धरायच्या आधी महिना-दीड महिना पाणी तोडायचं. पानं पिवळी पडून गळतात, नुसत्या काड्या उरतात. मग पाणी सोडलं की झाड कळ्यांनी लाल होतं.

माझं सासर बारामतीत. गेल्या वर्षी माहेरी गेले तेव्हा धाकट्या भावाची बाग अशीच उघडी पडली होती. कौतुकानं फोटो काढून मी स्टेटसला टाकला, ‘ताण झकास बसलाय.’ शेजारून भरून वाहणारा कालवा त्यात आला नाही. रोजच्या कालव्याचा फोटो कोण काढतं?

कुण्या दीडशहाण्यानं तो उचलला. माझी ओळ काढून वर लिहिलं, ‘दुष्काळानं होरपळलेलं इंदापूर’. मागं रडकं गाणं लावलं. दोन दिवसांत ते सगळीकडं फिरलं. भावाचं लग्न जवळपास ठरलं होतं. मुलीच्या पुण्यातल्या वडिलांनी विहिरीवरची निळी टाकी ओळखली आणि मला फोन केला.

“ताई, तुमची बाग वाळली. आम्ही पाहिलंय.”

“कुठं पाहिलंत?”

“मोबाईलवर.”

श्रावणात हाच माणूस त्या बागेत उभा राहून डाळिंब खाऊन गेला होता! मी ताण समजावला, कालव्याचे फोटो पाठवले. “असे फोटो नेटवर ढीगभर मिळतात,” म्हणाले आणि स्थळ मोडलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रडक्या गाण्यावाल्याचा राग आला, या शहाण्याचा आला, आणि फोटो काढणाऱ्या माझ्या हाताचा तर अजून जात नाही.

यंदा दुसरं स्थळ आलं. बघायला यायचं ठरलं ते नेमकं ताणाच्या दिवसांत. भावानं पाणी तोडलंच नाही.

“आरं, बहार जाईल की!” मी ओरडले.

“जाऊ दे, आक्का. काड्या दिसल्या तर ही बी पाव्हणं माघारी जातील. हिरवं दिसाया पायजे.”

झाडाची नस ओळखणारा माझा भाऊ मान खाली घालून हे बोलत होता.

पाहुणे आले. “काय सुंदर बाग!” म्हणत दाट हिरव्या पानांत उभे राहून त्यांनी पोटभर फोटो काढले. भाऊ हात जोडून हसत होता. त्याच्या एवढ्या मोठ्या बागेत यंदा कळी नाही, हे त्यांच्यातल्या एकालाही दिसलं नाही.