बाबांच्या तळहातासाठी तीन अल्टरनेटर

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते. ताईच्या हळदीआधीच्या महिन्यात तर मी धड बसून जेवलोही नसेन. अर्ध्या ताटावरून उठायचो, अंगणात आमच्या पिकअपचं बॉनेट उघडायचो, दोन नट हलवून बघायचो आणि परत येऊन गार भात गिळायचो.

कारण एकच. बाबांना नाचवायचं होतं.

बाबा अंबरनाथ एमआयडीसीत प्रेसवर होते. पत्रा कापणारं ते मशीन वर्षानुवर्षं कानाशी धडाडलं आणि कान घेऊन गेलं. ऐकण्याचं यंत्र लावलं की डोकं भणभणतं, म्हणून ते कपाटात. दादाच्या लग्नात बाबा खुर्चीत बसून राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या की तेही वाजवायचे, पण जरा उशिरा. ते बघून मला इतकं वाईट वाटलं की मी उगाचच मंडपवाल्याशी भांडलो. आता ताईचं ठरलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझ्या हळदीला बाबा नाचले पाहिजेत. बाकी काही नको मला." आणि मी पटकन बोलून गेलो, "नाचवतो की! त्यात काय?"

त्यात बरंच काय होतं. कानांनी नाही तर अंगाने ऐकवायचं, म्हणजे बेस असा पाहिजे की गाडीचा पत्रा हादरेल आणि हात टेकवला की ठेका कळेल. पिकअपच्या हौद्यात बेसचे चार डबे आणि दोन मोठे अ‍ॅम्प्लिफायर चढवले. पहिलं गाणं लावलं तर प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिटायचे. गाडीचा एकटा अल्टरनेटर बिचारा किती वीज बनवणार! दादा म्हणाला, "जनरेटर सांग ना भाड्याने. डोक्याला शॉट कशाला?" पण बदलापूरच्या मागे आमच्या वाडीचा रस्ता एवढा अरुंद, की जनरेटरची गाडी देवळापाशीच अडकते. मग मी ठरवलं, इंजिनवरच आणखी दोन अल्टरनेटर बसवायचे.

उल्हासनगर कॅम्प एकमधल्या सिंधी दुकानदाराने मला बघून हातच जोडले. "भाई, तू रोज आता है, चैन से बैठ तो सही!" त्यानेच बजावून सांगितलं, दोन्ही एकाच जातीचे घे, नाहीतर एक राबतो आणि दुसरा बसून खातो. हे घरी सांगितलं तर दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "आपल्याकडे आहेच की तसं." ब्रॅकेट एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये बनवून घेतलं. तिन्हींची पॉझिटिव्ह वायर तांब्याच्या एका जाड पट्टीवर आणली, तिथून फ्यूज लावून बॅटऱ्यांना. अर्थिंगसाठी रंग खरवडून पत्रा उघडा केला आणि वर वेगळी जाड केबलही टाकली, कारण माझा कशावरच भरवसा बसत नव्हता. दोन नव्या अल्टरनेटरना फिरवायला एकच लांब पट्टा होता. तो मी रोज दाबून बघायचो.

बारवी धरणाच्या रस्त्याला गाडी उभी करून बाबांना आणलं. वीज भरपूर बनावी म्हणून दादाने अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला, मी गाणं लावलं आणि बाबांचा तळहात बाजूच्या पत्र्यावर ठेवला. ते आधी दचकले. मग त्यांची मान हलायला लागली. "लागतंय रे," एवढंच म्हणाले. मी पाठ वळवून डोळे पुसले.

हळदीच्या संध्याकाळी मंडपासमोर गाडी लावली. दादा स्टिअरिंगवर, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. इंजिन तापू नये म्हणून बॉनेट उघडं ठेवलं होतं, आणि तिथेच घात झाला. ताईला हळद लागली की आमच्याकडे कोणी कोरडं राहत नाही. माणसं माखतात, उंबरा माखतो, दारातली गाडीही माखते. आत्या तेलात कालवलेल्या हळदीची वाटी घेऊन आली. मी मागे डब्यांच्या वायरी चाचपत होतो. पुढे आलो तर बाईसाहेब इंजिनमध्ये हात घालायच्या बेतात!

"आत्या, काय करतेस! हात जाईल!"

"नवीन हायेत ना दोगं? त्यांना पन लागू दे हलद," ती म्हणाली आणि वाटीतली उरलेली हळद लांबूनच आत उडवली.

मी ओरडलो, तिला मागे ओढलं, फडकं शोधायला धावलो. तेवढ्यात पोरांनी गाणं सुरू केलं. बाबा आले. नवा सदरा, कपाळाला हळद. त्यांनी पत्र्यावर हात टेकवला, डोळे मिटले आणि माझे बाबा नाचायला लागले. एक हात गाडीला, दुसरा हवेत. ताई पाटावर बसून रडत हसत होती. मला बाबांकडे बघायचं होतं, पण नजर व्होल्टेजच्या मीटरवर. चौदा. तेरा. पट्टा किंचाळायला लागला. तेलाने घसरत होता मेला. बारा. मी दादाला हात करून ओरडलो, "रेस दे! अजून दे!" तो पायाने दाबून सोडून, दाबून सोडून इंजिन फिरवत होता. अकरा. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर बंद पडले.

गाणं गेलं. नाचणारे थांबले. नुसतं इंजिन, घुम्म, घुम्म. आणि बाबा नाचतच होते. डोळे मिटलेले, दादाच्या पायाबरोबर पाऊल पडत होतं. मागे कोणीतरी फिस्कन हसलं. माझं डोकंच फिरलं. त्याची गचांडी धरायला वळलो, तर ताई पाटावरून उठलेली. हळदीने निथळत ती बाबांसमोर गेली आणि त्यांच्या पावलात पाऊल टाकून नाचायला लागली. आत्याने टाळी धरली. मग बायका आल्या, पोरं आली. बाबांनी डोळे उघडले तेव्हा सगळा मंडप नाचत होता.

मी धावत ड्रायव्हरच्या खिडकीशी गेलो. दादा घामाघूम झाला होता.

"व्होल्टेज आलं का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "पाय थांबवू नकोस."